लिनक्स वितरणांच्या कार्यक्षमतेचे तौलनिक मापन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

१. प्रास्ताविक

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे एका सलग औद्योगिक नगरात रूपांतर झाले. टाटा मोटर्स, बजाज ऑटो यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यानंतर चाकणचे नावही देशाच्या वाहन उद्योगाच्या नकाशावर ठळक झाले. या कारखानदारीच्या सावलीतच निगडी, आकुर्डी, पिंपरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली. या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी पुष्कळदा दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघातील कारखान्यातच नोकरीस लागतो. त्यामुळे प्रयोगशाळेत तो काय मोजावयास शिकतो, या प्रश्नाचा संबंध केवळ गुणपत्रिकेशी उरत नाही.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी सुचविल्या जाणाऱ्या विषयांत ‘विविध लिनक्स वितरणांच्या कार्यक्षमतेची तुलना’ हा एक लोकप्रिय विषय आहे. खर्च नाही, साधनसामग्री हाताशी आहे आणि शेवटी तक्ता व स्तंभालेख हमखास मिळतो. तीन-चार वितरणे घ्यावयाची, एकाच संगणकावर क्रमाने बसवावयाची, काही प्रमाणित कसोट्या चालवावयाच्या आणि सर्वाधिक गुण मिळविणारे वितरण ‘सर्वोत्तम’ म्हणून घोषित करावयाचे, असा या अभ्यासांचा ठरलेला साचा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा संपुष्टात आली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक प्रयोगशाळांत व कारखान्यांच्या कचेऱ्यांत आहेत. त्यांवर कोणते लिनक्स बसवावे, हा निर्णय आज प्रत्यक्षात घ्यावा लागत आहे आणि त्या निर्णयास असा एखादा तक्ता आधार म्हणून पुढे केला जाण्याचा संभव आहे. म्हणून या साच्याची चिकित्सा आवश्यक वाटते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या तुलनांमध्ये जे मोजले जाते ते बहुधा वितरण नसतेच, आणि वितरण ज्यामुळे खरोखर श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरते ते बहुधा मोजले जात नाही.

२. वितरण म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला तो लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रोसेसर, स्मृती व उपकरणे यांचे नियंत्रण करणारा गाभा. केवळ गाभ्यावर सामान्य वापरकर्त्याचे काम चालत नाही. त्यासोबत कंपायलर, ग्रंथालये, आज्ञासंच, फाइल सिस्टिमची साधने, डेस्कटॉप व उपयोजने लागतात. ही सर्व सामग्री निवडून, एकमेकींशी जुळवून व तपासून वापरकर्त्याच्या हाती देणे, आणि पुढे काही वर्षे तिच्यातील दोष दूर करीत राहणे, हे वितरणाचे कार्य होय. स्लॅकवेअर व डेबियन ही १९९३ मध्ये आरंभ झालेली वितरणे आजही चालू आहेत. सी-डॅकने विकसित केलेले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बॉस’ हे भारतीय वितरणही डेबियनच्याच पायावर उभे आहे.

ही व्याख्या मान्य केली की एक गोष्ट स्पष्ट होते. गाभा सर्वांचा एकच आहे; वितरणागणिक बदलते ती त्याची आवृत्ती आणि त्याभोवतीचे निर्णय. वितरण म्हणजे निर्णयांचा एक संच आणि देखभालीचे एक वचन. यांपैकी निर्णय वापरकर्त्याला बदलता येतात, वचन मात्र बदलता येत नाही. तौलनिक अभ्यासांची गफलत या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होते.

३. तक्त्यात नेमके काय मोजले जाते?

डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ यांची तुलना उदाहरणादाखल घेऊ. पहिल्यात गाभ्याची ६.१ ही आवृत्ती आहे, दुसऱ्यात ६.८. या दोहोंच्या दरम्यान, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ६.६ या आवृत्तीत, कोणत्या कामाला प्रोसेसर केव्हा द्यावा हे ठरविणारी पद्धतीच बदलली गेली : २००७ पासूनची ‘सीएफएस’ जाऊन तिच्या जागी ‘ईईव्हीडीएफ’ आली. कंपायलरही भिन्न आहेत, एकात जीसीसीची बारावी तर दुसऱ्यात तेरावी आवृत्ती. अशा स्थितीत एखाद्या कसोटीत काही टक्क्यांचा फरक आढळला, तर त्याचे श्रेय डेबियन वा उबुंटू या नावांना कोणत्या आधारे द्यावयाचे? डेबियनवर गाभ्याची नवी आवृत्ती बसविली तर तो फरक कदाचित नाहीसा होईल. उलटपक्षी रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीत गाभ्याचा क्रमांक ५.१४ दिसतो, परंतु पुढील आवृत्त्यांतील पुष्कळ सुधारणा त्यात मागाहून आणून बसविलेल्या असतात. म्हणजे आवृत्तीचा क्रमांकही पुरेसा साक्षीदार नाही.

दुसरे उदाहरण हार्ड डिस्कच्या वेगाचे. कसोटी चालविणारा विद्यार्थी सोयीसाठी तात्पुरती फाइल ‘/टीएमपी’ या निर्देशिकेत तयार करतो. फेडोरात ही निर्देशिका २०१३ च्या अठराव्या आवृत्तीपासून डिस्कवर नसून स्मृतीत असते. डेबियन १२ मध्ये ती डिस्कवर असते, तर २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये नव्याने बसविताना ती स्मृतीत जाते. या तिन्हींची ‘डिस्क-लेखनाचा वेग’ म्हणून तुलना केली तर एका ठिकाणी डिस्क मोजली जाते आणि उरलेल्या दोन ठिकाणी स्मृती. आकडे अचूक असतात, पण स्तंभाचे शीर्षक खोटे असते. निर्देशिका योग्य निवडली तरी फाइल सिस्टिमचा प्रश्न उरतोच. फेडोरा वर्कस्टेशन २०२० पासून बीटीआरएफएस, उबुंटू ईएक्सटी४ आणि रेड हॅट २०१४ पासून एक्सएफएस मूलतः योजते. बसवितानाच दुसरी फाइल सिस्टिम निवडण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. मग ही तुलना वितरणांची, की बसविताना स्वीकारलेल्या पहिल्या पर्यायाची?

स्मृतीच्या वापराची तुलना तर याहून फसवी आहे. उबुंटूपेक्षा लुबुंटू कमी स्मृती घेते हे खरे. परंतु ही तुलना ग्नोम आणि एलएक्सक्यूटी या दोन डेस्कटॉपांची आहे, कारण त्यांखालील पाया एकच आहे. शिवाय ‘फ्री’ ही आज्ञा दाखविते त्या ‘वापरलेल्या’ स्मृतीची गणनाच तिच्या नव्या आवृत्त्यांत बदललेली आहे. जुन्या व नव्या वितरणांवर हीच आज्ञा देऊन मिळालेले आकडे शेजारी-शेजारी मांडणे म्हणजे दोन निराळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखे आहे.

यात प्रोसेसरच्या गतिनियंत्रणाची भर घालावी लागेल. वीज वाचविणारे धोरण आणि पूर्ण गतीचे धोरण यांपैकी मूलतः कोणते चालू आहे, यावर लहान कसोट्यांचे निकाल ठळकपणे बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या प्रोसेसरमधील दोषांवरचे उपायही काही कामांची गती कमी करतात, आणि ते चालू आहेत की बंद याची नोंद तक्त्यात क्वचितच असते. आणि ही सारी वितरणे मूळ संगणकावर न बसविता विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशिन म्हणून चालविली असतील, तर मोजणीत त्या यजमान प्रणालीचीही सावली मिसळते.

याचा अर्थ निर्णयांना महत्त्व नाही असा मात्र नव्हे. इंटेलचे ‘क्लिअर लिनक्स’ हे वितरण २०१५ पासून नेमके याच निर्णयांवर उभे होते : कंपायलरला अधिक आक्रमक सूचना, नव्या प्रोसेसरांतील आज्ञांचा वापर, पूर्ण गतीचे धोरण. अनेक वर्षे ते तौलनिक कसोट्यांत वरच्या स्थानी राहिले. म्हणजे फरक खरा असू शकतो. परंतु तो कोणत्या निर्णयामुळे पडला हे सांगितले, तरच त्याला ज्ञान म्हणता येईल; अन्यथा ती केवळ शर्यतीची बातमी ठरते.

४. सरासरीचा मोह

पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक सूचीत ११७.९ टेराफ्लॉप्स या मापनासह चौथ्या क्रमांकावर आला, तेव्हा सर्वांना सार्थ अभिमान वाटला. तो लिनक्सवरच चालत होता. ते स्थान लिनपॅक या एकाच कसोटीवर, म्हणजे रेषीय समीकरणांचा प्रचंड संच सोडविण्याच्या वेगावर, ठरले होते. जेथे काम असेच, सलग व अवजड गणिताचे असते, तेथे एकूण वेगाचा एक आकडा बरेच काही सांगतो. अडचण उद्भवते ती हीच दृष्टी कारखान्यातील यंत्राला लावली जाते तेव्हा.

एक काल्पनिक गणित मांडू. ठरावीक क्षणी जागे होऊन काम करावयाचे, अशी अपेक्षा दोन प्रणालींकडून दहा हजार वेळा केली. पहिली प्रणाली ९,९९९ वेळा ५ मायक्रोसेकंद उशिरा जागी झाली आणि एकदा ९०० मायक्रोसेकंद. दुसरी प्रत्येक वेळी १२ मायक्रोसेकंद उशिरा जागी झाली. पहिलीचा सरासरी विलंब सुमारे ५.०९ मायक्रोसेकंद, दुसरीचा १२. तक्ता पहिलीला दुपटीहून अधिक चांगली ठरवील. परंतु भोसरीतील शेडमध्ये जॉब कापणाऱ्या यंत्राला सरासरी ठाऊक नसते. त्याला तो एक ९०० चा क्षण भोगावा लागतो. टूल मिनिटाला ६ मीटर या गतीने सरकत असेल, तर सेकंदाला १०० मिलिमीटर आणि एका मिलिसेकंदात ०.१ मिलिमीटर अंतर कापते. दहा-वीस मायक्रॉनच्या मर्यादेत काम करणाऱ्याला ०.१ मिलिमीटर, म्हणजे शंभर मायक्रॉन, हे अंतर किती मोठे आहे ते वेगळे सांगावयास नको.

येथे ‘लिनक्स-सीएनसी’ या मुक्त प्रणालीचे उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील प्रकल्पातून तिचा उगम झाला. जुन्या यंत्राला नवे कंट्रोल बसविण्यासाठी, तसेच विद्यार्थ्यांच्या छोट्या मिलिंग यंत्रांसाठी ती उपयोगी पडते. स्टेपर मोटरला लागणारे स्पंद सॉफ्टवेअरनेच निर्माण करावयाचे असतील, तर संगणकाचा कमाल विलंब किती असावा याचे स्पष्ट मार्गदर्शन तिच्या दस्तऐवजात आहे : १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असल्यास उत्तम, ३० ते ५० असल्यास काम होईल, पण गती थोडी कमी मिळेल, १०० वा अधिक असल्यास तो संगणक या कामास योग्य नाही. येथे सरासरीचा उल्लेखच नाही. प्रश्न एकच : सर्वांत वाईट क्षणी किती उशीर झाला?

या कमाल विलंबाचे नियमन करणारी ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही सुधारणा सुमारे वीस वर्षे मुख्य गाभ्याच्या बाहेर वाढत राहिली आणि १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीत अखेर मुख्य प्रवाहात सामावली गेली. तिचा स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. विलंबाची हमी देण्यासाठी ती एकूण वेगाचा काही अंश खर्च करते. म्हणजे रूढ तक्त्यात हाच गाभा अनेकदा खालच्या क्रमांकावर दिसेल, आणि यंत्रासाठी मात्र तोच योग्य असेल. क्रमवारी उलटी होण्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

अर्थात येथेही सर्व श्रेय वा दोष वितरणाकडे जात नाही. संगणकाच्या बायोसमधून येणारे काही व्यत्यय कार्यप्रणालीला दिसतही नाहीत. ते कोणतेही वितरण टाळू शकत नाही. म्हणूनच ‘सायक्लिकटेस्ट’ हे विलंब मोजणारे साधन नेमक्या त्याच संगणकावर, पुरेसा भार टाकून आणि दीर्घकाळ चालवावे लागते. जर्मनीतील ‘ओएसएडीएल’ या संस्थेच्या चाचण्यांत १० कोटी आवर्तने घेतली जातात. दर २०० मायक्रोसेकंदांस एक या हिशेबाने त्यांस साडेपाच तासांहून अधिक अवधी लागतो. आपल्या प्रकल्पांतील तीन मिनिटांची कसोटी या शेजारी ठेवून पाहावी.

५. तक्त्यात नसलेला स्तंभ : आयुर्मान

कारखान्यातील यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते. महाविद्यालयातील संगणकही खरेदीच्या प्रस्तावाला मंजुरी मिळेपर्यंत चालवावा लागतो. अशा ठिकाणी वितरणाची पहिली कसोटी वेग नसून ‘याची देखभाल किती वर्षे होईल’ ही असावयास हवी. फेडोराच्या एका आवृत्तीस सुमारे तेरा महिने सेवा मिळते, उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीस मूलतः पाच वर्षे, तर रेड हॅटच्या आवृत्तीस दहा. हे आकडे कोणतीही कसोटी न चालविता उपलब्ध आहेत आणि तरीही तक्त्यांतून गैरहजर असतात.

या उपेक्षेची किंमत मोजावी लागल्याची उदाहरणे ताजी आहेत. सेंटओएस ८ ची सेवा २०२९ पर्यंत अपेक्षित होती. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ती संपली. रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स यांचा जन्म त्यातूनच झाला. वर उल्लेखिलेल्या क्लिअर लिनक्सचा शेवटही बोलका आहे. इंटेलने १८ जुलै २०२५ रोजी ते थांबवीत असल्याचे जाहीर केले, आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्याही तत्काळ बंद झाल्या. तक्त्यांतील अव्वल क्रमांकावर विसंबून कोणी त्यावर प्रयोगशाळा उभी केली असती, तर त्या क्रमांकाने तिचे रक्षण केले नसते.

वेग आणि आयुर्मान यांचे नाते याहून गुंतागुंतीचे आहे. मे २०२५ मध्ये आलेली रेड हॅटची दहावी आवृत्ती ‘एक्स८६-६४-व्ही३’ या पातळीच्या प्रोसेसरांसाठीच बांधली आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत या पातळीच्या आज्ञा २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आल्या, आणि काही स्वस्त प्रोसेसरांत त्या पुढेही नव्हत्या. नव्या संगणकावर या निर्णयाने काही कामे जलद होतात. जुन्या संगणकावर मात्र ती आवृत्ती चालतच नाही. अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीची जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी बांधणी उपलब्ध करून दिली, ती यासाठीच. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र गाभा व स्थापनाही मिळत नाही. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकाच्या दृष्टीने या निर्णयांपुढे पाच टक्के वेगाचा फरक गौण आहे. जे सुरूच होत नाही त्याचा वेग काय मोजणार?

६. काही सूचना

या चिकित्सेचा हेतू विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची टवाळी करणे हा नाही. वितरण स्वतः बसविणे, बिघडविणे व दुरुस्त करणे यांतून जे शिक्षण होते त्याला पर्याय नाही. २००८ पासून उपलब्ध असलेल्या ‘फोरोनिक्स टेस्ट सूट’सारख्या मुक्त साधनांमुळे कसोट्यांची पुनरावृत्तीही सुलभ झाली आहे. अपेक्षा एवढीच की प्रश्न आधी ठरावा आणि तक्ता मागाहून यावा.

त्या दृष्टीने मार्गदर्शक व परीक्षक यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते.

(१) गाभा, कंपायलर, फाइल सिस्टिम, गतिनियंत्रणाचे धोरण व सुरक्षा-उपाय यांची नोंद प्रत्येक तक्त्यासोबत असावी.

(२) वितरणांत फरक आढळल्यास एका वेळी एकच निर्णय बदलून तो फरक कशामुळे पडला हे दाखवावे. शक्य तेथे दोन्हीकडे एकच गाभा बसवून पुन्हा मोजावे.

(३) सरासरीसोबत विचरण आणि कमाल मूल्य द्यावे. पुनरावृत्तींतील चढउतार दोन वितरणांतील फरकाइतकाच असेल तर ‘फरक आढळला नाही’ असे निःसंकोच लिहावे. हाही निष्कर्षच आहे.

(४) कसोटी कोणाच्या कामासाठी आहे ते सांगावे. प्रयोगशाळेतील संगणक, कारखान्यातील माहिती-संकलक आणि यंत्राचे कंट्रोल यांची निकड एक नाही.

(५) सेवेचा कालावधी व जुन्या संगणकांवरील उपलब्धता यांचा स्वतंत्र स्तंभ असावा.

यांपैकी कशालाही नवा खर्च नाही. उलट या पट्ट्यातील महाविद्यालयांना एक दुर्मीळ संधी आहे. कार्यशाळेतील लेथ वा मिलिंग यंत्र यंत्र-अभियांत्रिकी विभागाकडे असते आणि विलंब मोजण्याचे साधन संगणक विभागाकडे. दोन विभागांनी मिळून एक रात्रभर सायक्लिकटेस्ट चालविली, आणि त्या मापनाचा कापलेल्या जॉबच्या मापाशी काही संबंध लागतो का हे तपासले, तर तो अभ्यास चार वितरणांच्या स्तंभालेखांपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

७. समारोप

लिनक्स वितरणांची तुलना निरर्थक नाही, ‘कोणते वेगवान?’ हा तिचा प्रचलित प्रश्न मात्र अपुरा आहे. वितरणांतील बहुतेक निर्णय वापरकर्ता बदलू शकतो, म्हणून त्यांचे मापन निर्णयांच्या नावानेच व्हावे. देखभालीचे वचन तो बदलू शकत नाही, म्हणून वितरणाचे मूल्यमापन त्या वचनावर व्हावे. आणि जेथे संगणकाच्या दुसऱ्या टोकाला यंत्र आहे, तेथे सरासरीपेक्षा सर्वांत वाईट क्षण महत्त्वाचा मानावा. चाकणच्या कारखान्यातील गुणवत्ता-निरीक्षक शंभर भागांची सरासरी बरोबर आली म्हणून बिघडलेला एक भाग पुढे पाठवीत नाही. त्याच्या शेजारी काम करावयास जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही शिस्त महाविद्यालयातच लागावी, आणि परीक्षित नियतकालिकांनी आपल्याकडे येणाऱ्या तक्त्यांनाही तीच लावावी.